पिकअपमधला मुक्काम

दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात भिवाची झोप प्रसिद्ध होती. वरच्या बंकवर पाठ टेकली की गडी खलास. खाली पत्त्यांचा डाव रंगलेला असो, कुणाचं फोनवर गावाकडच्या भावाशी कडाक्याचं भांडण चाललेलं असो, एसी धडधडत असो, भिवाला त्याचं सोयरसुतक नसे. एका खोलीत आठ माणसं राहायची. पण सकाळी याला उठवायचं तर दोघांनी मिळून बंकच हलवावा लागे.

याच माणसाला स्वतःच्या घरी झोप लागत नसे, हे मात्र कॅम्पात कुणाला ठाऊक नव्हतं.

घर लांज्याजवळच्या एका वाडीत. दुबईला लागल्यावरच्या पहिल्या सुट्टीत लग्न झालं आणि पुढचा संसारही सुट्ट्यासुट्ट्यांनीच चालला. नवरा एवढ्या लांबून दमूनभागून येतो, त्याला दोन घटका स्वस्थ झोप मिळावी म्हणून सगुणा काय काय करायची. पोरांना रात्री दिराकडे पाठवायची, टीव्ही बंद, शेजाऱ्यांना ताकीद, पंखा कुरकुरतो म्हणून तोही बंद. मग त्या ठार शांततेत भिवा टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडायचा आणि शेवटी हळूच उठून पडवीत जाऊन बसायचा. बायकोला सांगणार तरी काय? सात दाढीवाल्या बाप्यांची सोबत नसली की मला झोप येत नाही, हे सांगायला तोंड तरी हवं.

तो सांगत नव्हता, म्हणून सगुणाने आपल्या परीने अर्थ लावला. तुम्हाला आता हे घर परकं झालंय, असं ती गेल्या सुट्टीत त्याची बॅग भरताना म्हणाली होती. आता त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तेव्हा तिने फोनवर एकच गोष्ट सांगितली, "यायचं तर मनापासून या. रात्र रात्र पडवीत बसायला येऊ नका."

रिन्यू करायचं की नाही, हे सुपरवायझर उपेंद्रसरांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळवायचं होतं. भिवाला घरी जायचं होतं, फार जायचं होतं. पण जाऊनही आपण तिथे पाहुणेच राहिलो तर, या धास्तीने त्याची जीभ रेटत नव्हती.

अशात नेमकी त्याच दिवशी त्याला सिला गावची ड्यूटी लागली. पिकअपमधून दारांच्या चौकटी न्यायच्या, थेट सौदीच्या हद्दीजवळच्या साइटवर. पोचेपर्यंत साइटचं गेट बंद झालं होतं. उपेंद्रसर फोनवर म्हणाले, परत येऊ नकोस, पेट्रोल पंपाच्या रेस्ट एरियात गाडी लाव आणि झोप, सकाळी माल उतरव.

जानेवारीची थंडी होती. पंपामागे एक छोटी मशीद, एक कॅफेटेरिया आणि पलीकडे रांगेने उभे असलेले ट्रक. त्यांच्यापलीकडे नुसती वाळू, आणि वाळूवर चांदणं इतकं सांडलेलं की दुरून ओहोटीचा किनारा वाटावा. भिवाने करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा चहा, आणि पराठा घेतला, तो बॉनेटवर ठेवून खाल्ला आणि सीटवर अंग मुडपून पडला. किती वर्षांनी तो एकटा झोपत होता, त्यालाही आठवेना. आणि झोप अर्थातच आली नाही.

शेजारी एक मोठी गाडी येऊन लागली. तिच्या मागच्या भागात गादी अंथरलेली, खिडक्यांना पडदे, वर बारीक दिव्यांची माळ. दुबईच्या करामा भागात राहणारी विनिता, तिचा नवरा आणि त्यांची लहानगी अस्मी. भिवाला कॅम्पातल्या एका सोबत्याशी फोनवर मराठी बोलताना ऐकून विनिता आपणहून बोलायला आली. जपानमध्ये म्हणे लोक हायवेच्या थांब्यांवर असेच गाडीत मुक्काम करतात. व्हिडिओ बघून बघून हिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता. भिवाला गंमत वाटली. आपण ड्यूटी म्हणून गाडीत झोपतो आणि ही माणसं सुखाची घरं सोडून हौसेने झोपतात, वर गादीही घेऊन येतात.

"मम्मा, हॅज ही गॉट नो पिलो?" अस्मीने विचारलं. विनिताने हसून एक उशी काढून दिली. भिवा नको नको म्हणाला, पण घेतली.

थोड्या वेळाने त्या गाडीतून एका म्हातारीचा आवाज येऊ लागला. कुठल्याशा राजकन्येची आणि तिच्या हट्टी गाढवाची गोष्ट चालली होती. भिवा बुचकळ्यात पडला, कारण गाडीत म्हातारी तर नव्हती. विनिता बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, कोल्हापूरहून आजी बोलतेय. तिच्या आवाजाशिवाय अस्मीचा डोळा लागत नाही. पोरगी झोपली तरी फोन तसाच चालू राहतो.

भिवा उशीवर डोकं ठेवून ती गोष्ट ऐकत राहिला. गाढव अडून बसलं, राजकन्या रडकुंडीला आली. ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, पोरीला लाज वाटत नाही, तर आपण कसली धरून बसलोय? त्याने सगुणाला फोन लावला.

तिकडे रात्र आणखी पुढे सरकलेली. ती दचकूनच उठली. काय झालं, बरे आहात ना, गाडीला काही झालं का, असं एका दमात विचारून मोकळी झाली.

"काही झालं नाही. झोप येत नाही," भिवा म्हणाला. मग त्याने डोळे मिटून बोलून टाकलं, "सगुणा, घरी मला झोप येत नाही ना, ती तुझ्यामुळे नाही. घर परकंही नाही. मला गलबल्यात झोपायची सवय लागलीय गं. शांत झालं की जीव घाबरतो."

सगुणा म्हणाली, "आणि मी मेली पंखासुद्धा बंद करत होते." तिला हसू येत होतं की रडू, ते भिवाला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. फोन ठेवू नका, मी बोलते, तुम्ही नुसते पडा, असं तिने बजावलं.

भिवाने फोन चार्जरला लावून उशीशी ठेवला. सगुणा बोलू लागली. कुंपणावर चढलेला पडवळ, धाकट्याचा पडलेला दात, जाऊबाईंची नवी साडी आणि तिची अवास्तव फुशारकी. मधेच ती उठली, भांडी वाजली, पंखा कुरकुरू लागला, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. हळूहळू शब्द सुटे होत गेले. वाळूवरचं चांदणं काचेतून आत आलं आणि पडवीत पसरलं. ट्रक गोठ्यात जाऊन रवंथ करत बसले. कॅम्पातले सातही जण अंगणात पत्ते खेळायला बसले होते आणि सगुणा त्यांना पडवळाची भाजी वाढत होती, उपेंद्रसरांना जरा जास्तच. वरच्या बंकवरून भिवा हे सगळं बघत होता. उतरावंसं वाटत होतं, पण कशाचीच घाई नव्हती. पडवळाचा वेल हायवेने थेट लांज्यापर्यंत गेला होता.

मशिदीतल्या बांगेने त्याला जाग आली. आपण कुठे आहोत हे कळायला वेळ लागला. शेजारची गाडी पडदे ओढून निजलेली, पूर्वेकडे वाळू गुलाबी झालेली. फोन हाताला गरम लागला. कॉल चालूच होता.

"सगुणा?"

"आहे."

"झोपली नाहीस?"

"नाही."

भिवाला फार वाईट वाटलं. फोन ठेवून द्यायचास, असं तो पुटपुटला. मग घसा साफ करून म्हणाला, मी सरांना सांगतो, रिन्यू नको. घरी येतो, कायमचा. तू काय म्हणतेस?

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला.

"लग्नाला एवढी वर्षं झाली," सगुणा म्हणाली, "तुम्ही घोरता हे मला आज कळलं. या तुम्ही."