गोठ्यापर्यंत नेलेली वायर

माझं माहेर उरणकडचं. लग्न होऊन तुर्भ्याजवळच्या गावात आले, तेव्हा सासरच्या गोठ्यात एकही जनावर उरलं नव्हतं. भाताची जमीन नव्या शहरासाठी गेली, मग बैलही गेले. गोठा मात्र घरामागे तसाच उभा होता. लाकडी खांब, वर कौलं, चहूबाजूंनी पत्रा. सासूबाई त्यात जळण ठेवत.

धाकटे दीर एका केमिकल कारखान्यात वायरमनच्या हाताखाली कामाला होते. एके दिवशी तिथे गॅस सुटला. ते जिवंत घरी आले, पण छाती गेली ती गेलीच. घरात चूल पेटली की खोकून खोकून त्यांचे ओठ निळे पडायचे. म्हणून सासूबाईंनी गोठा रिकामा केला, सारवला आणि त्यांची खाट तिकडे नेली. तिथे धूर नव्हता, पण वाराही नव्हता. उन्हाळ्यात पत्रा तापला की ते उशीला टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत बसायचे. सासूबाई स्वयंपाक माझ्यावर सोपवून सुपाने त्यांना वारा घालायच्या. एक हात भरून आला की सूप दुसऱ्या हातात.

पंखा लावायचा तर गोठ्यात वीज हवी. आधी ह्यांनी घरातून वरच्या वर वायर नेली, मध्ये शेवग्याला बांधली. वळवाच्या पहिल्याच वादळात फांदी मोडली आणि वायर अंगणात आली. तेव्हा सासरे म्हणाले, "आता जमिनीखालनं नेऊ."

रविवारी बापलेकांनी चर खणायला घेतला. वर मुरूम, खाली खाडीची काळी माती, त्यात शिंपल्यांचे तुकडे. दीर गोठ्याच्या दारात खाट घेऊन बसले होते. बोलताना दम लागायचा, तरी सांगत होते.

"खोल घ्या, बाबा. वायर पाइपातनं टाका. वर विटा ठेवा, उद्या कुनी कुदल मारील."

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ते हसताना दिसले. घरात काहीतरी त्यांच्या सांगण्यावरून चाललं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळं झालं, फक्त पाइप हातभर कमी पडला. घराकडून निघून तो गोठ्याच्या पायथ्याशी संपला. तिथून वायर उघडीच वर आली आणि पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत गेली.

दीर त्या भोकाकडे बघत राहिले. "इथे पाइपाचा तुकडा पायजे. पत्र्याची धार हाय."

"बाजारातनं आणीन की," हे म्हणाले. "आज दुकान बंद असेल."

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पाइपाचा मागनं बगा. आज पोराला वारा लागू दे."

सासऱ्यांनी दिराकडे पाहिलं. दीर म्हणाले, "चालेल तवर."

पंखा सुरू झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले. सासूबाई पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. रडत होत्या की घाम होता, मला कळलं नाही. पाइपाचा तुकडा आणायचं मग राहूनच गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ. ह्यांची ड्यूटी, सासऱ्यांच्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेपा. पंखा तर नीट चालत होता.

पावसाळा लागला. एका सकाळी सासूबाई भाताची पेज घेऊन मागे गेल्या. मी भाकऱ्या थापत होते. भांडं पडल्याचा आवाज आला आणि लगेच दिरांची हाक. इतका मोठा आवाज त्यांच्या छातीतून निघेल असं वाटलं नव्हतं.

मी धावले. सासूबाई चिखलात दाराशी पडल्या होत्या, हात पत्र्याच्या दाराला चिकटलेला. मी त्यांना ओढायला वाकणार, तोच आतून दीर ओरडले, "वैनी, हात लावू नका! पत्र्यात करंट हाय! मेन बंद करा, मेन!"

मी उलटी पळाले. मेन स्विच उंचावर होता. पाण्याचं पिंप ओढलं, त्यावर चढले आणि दांडी खाली खेचली. परत आले तेव्हा सासूबाईंचा हात सुटला होता. जीवही गेला होता. दीर दाराच्या आत जमिनीवर बसले होते. दार ढकललं असतं तर तेही गेले असते. दाराच्या फटीतून आई बाहेर पडलेली बघत ते तसेच बसून राहिले होते.

सासरे आणि हे सासूबाईंना शेजाऱ्यांच्या टेम्पोतून दवाखान्यात घेऊन गेले. जाण्यात अर्थ नव्हता, तरी नेलं. मग पोलीस आले, वीजखात्याचा माणूस आला. त्याने पत्रा वाकवून दाखवला. वाऱ्याने पत्रा हलत राहिला होता आणि त्या धारेने वायर सोलून निघाली होती.

"कोणी टाकली ही वायर?"

हे पुढे झाले. सासऱ्यांनी त्यांना हाताने मागे सारलं. "मी."

"तोंडाशी पाइप का नाही घातला?"

"कमी पडला," सासरे म्हणाले.

दिरांना गोठ्यात राहवेना आणि घरात धूर सोसवेना. त्यांच्या बहिणीकडे, पलीकडच्या गावात, गॅसची शेगडी होती. ती त्यांना घेऊन गेली. वर्षश्राद्धाला ते आले, वाळून काठी झाले होते. जेवणं झाल्यावर ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"वैनी, चालेल म्हनलो ना मी. मना म्हाईत होतं."

सगळ्यांनीच चालवून घेतलं होतं, हे मला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर त्यात सासूबाईही आल्या असत्या, आणि त्या दिवशी त्यांचं नाव मला त्यात घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ओरडला नसता तर मीही राहिले नसते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ मान हलवत राहिले. त्यानं त्यांना काही बरं वाटलं का, मला माहीत नाही. त्याच थंडीत ते गेले.