पर्यायी मार्ग, साडूंच्या घरातून

रस्ता खोदायला घेतला की अख्ख्या नाशकाच्या कपाळाला आठ्या पडतात. आनंदाने खुलणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि ते आमचे मोठे साडू. त्यांच्या घरासमोर लोखंडी बॅरिकेड लागलं त्या दिवशी भल्या सकाळी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, आलं हो आपल्याकडे एकदाचं!" आवाजात असा काही उमाळा होता की मला वाटलं, यांच्या मुलाकडे पाळणा हलला. मी अभिनंदन करून "मुलगा की मुलगी?" असं विचारलं. "जेसीबी!" साडू म्हणाले, आणि त्याचा रंग, आवाज आणि ड्रायव्हरचं गाव असा सगळा तपशील त्यांनी मला ऐकवला. मी तेव्हा दात घासत होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, त्यातली बरीचशी नाशिक-मालेगाव गाडीवर. नोकरी संपली, खाकी कपडे उतरले, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही. माणूस नुसता उभा राहिलेला त्यांना बघवत नाही. आमच्या वास्तुशांतीला जिन्यात घुटमळणाऱ्या माझ्या साहेबांना त्यांनी "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे" असं म्हणत थेट स्वयंपाकघरात नेऊन सोडलं होतं. माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही, तो कुठे उतरायचा ते राहतं. बाजारात एखाद्या बाईंना बघून ते हळूच सांगतात, "या पिंपळगावला उतरायच्या. सुटे कायम काढून ठेवलेले. सज्जन बाई." मालेगावकडचा कुणी दिसला की लांबूनच अहिराणीत हाक जाते, "कथा जाई राहिना भाऊ?" आणि तो माणूसही जिथे निघाला असेल तिथे जायचं विसरून यांच्याशी बोलत बसतो.

त्यांचं घर दहीपुलाजवळच्या एका जुन्या रस्त्यावर. खाली एकामागे एक तीन खोल्या, वर झोपायची खोली, आणि मधे शिडीला लाज आणील असा उभा जिना. ताईंच्या गुडघ्यांचं आणि त्या जिन्याचं वैर जुनं आहे. मुलाने गंगापूर रोडला लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला तेव्हापासून "आई-बाबा, आता इकडे या" असा त्याचा लकडा होता. ताई केव्हाच्या तयार होत्या. साडूंचं पाऊल मात्र निघेना. शेवटी एका दिवाळीत सगळ्यांसमोर त्यांनी शब्द दिला, "रस्त्याचं काम झालं, की दुसऱ्या दिवशी येतो." मुलगा साधा. त्याला वाटलं, वडिलांनी तारीख दिली. नाशकात ज्याचं आयुष्य गेलं आहे असा माणूस रस्त्याच्या कामाचा वायदा करतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, हे ताईंना बरोबर कळलं. त्या चकल्यांचा डबा उचलून आत गेल्या.

त्यानंतर साडूंनी त्या कामाला जो जीव लावला, तो कंत्राटदारानेही लावला नसेल. जेसीबीला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, त्याच्या दातांवर नारळ फोडला. आधी सांडपाण्याची पाइपलाइन आली. ती बुजवली, तर पिण्याच्या पाण्याची यायची राहिली होती म्हणून पुन्हा खोदलं. ती बुजवली, तर विजेची केबल. दर वेळी आम्ही कपाळावर हात मारत होतो आणि साडू पेढ्याच्या चवीने बातमी सांगत होते. रोज सकाळी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना त्यांचे फोन जात. "आज मेन रोडने येऊ नका, रविवार कारंजावरून वळा. तिथे गर्दी लागली तर गाडी गाडगे महाराज पुलापाशी लावा आणि चालत या." मी इंदिरानगरला राहतो, माझं ऑफिस अंबडला. गावात जायचं मला वर्षातून दोनदा काम पडतं. पण हे सांगून उपयोग नव्हता. खड्ड्यावर पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला होती, त्यांचं पाणी, सावली आणि दुपारचा कोरा चहा साडूंच्या ओट्यावर. एकदा साडू तापाने पडून होते तर त्यातली एक बाई खिडकीशी येऊन विचारत होती, "बाबा, आज दार उघडलं नाय? बरं नाय का?" साडू त्या तापातही उठून दार उघडून आले.

आणि दार म्हटलं की मुख्य गोष्ट आली. समोरचा रस्ता पुरा खणून काढलेला, घरांच्या कडेने एक माणूस जेमतेम चालेल एवढी पट्टी उरलेली, दोन्ही टोकांना बॅरिकेड. पण साडूंच्या घराला मागचं दार आहे. ते एका बोळात उघडतं आणि तो बोळ पलीकडच्या चालू रस्त्याला मिळतो. एरवी ते दार कचरा टाकायला आणि मांजर हाकलायला उघडत असे. एका सकाळी साडूंनी ते सताड उघडलं, समोरचंही उघडलं आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहून पाटी लावली: 'पर्यायी मार्ग घरातून. चपला काढू नयेत. मधे थांबू नये.'

झालं! सगळी आळी त्यांच्या घरातून येऊ-जाऊ लागली. शाळेची पोरं, सराफ बाजारातले कारागीर, दूधवाले, भाजीची पाटी घेतलेल्या बाया, देवाला निघालेले म्हातारे, गॅसचं सिलेंडर खांद्यावर घेतलेला माणूस. साडू मधल्या खोलीत उभे. "चला पुढे चला, दारात थांबू नका. सिलेंडर, वर पंखा आहे, वाकून. आजी, तुम्ही सावकाश, तुमच्यासाठी थांबवलीय." कोणती गाडी थांबवलीय ते आजींनाही कळत नसे, पण त्या समाधानाने मान हलवत. बरं, ही मधली खोली म्हणजे ताईंचं स्वयंपाकघर. जाणाऱ्या-येणाऱ्याला आज काय शिजतंय ते दिसे. "ताई, शेवभाजी का? वास थेट खड्ड्यापर्यंत आलाय," असं म्हणून लोक पुढे सरकत. पहिला आठवडा ताई घुश्शातच होत्या. "माझ्या ओट्यापाशी हमरस्ता काढलाय माणसाने," असं त्यांनी माझ्या बायकोला रडकुंडीला येऊन सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा त्या गिरणीवाल्या काकांना थांबवून भाजीत मीठ किती झालंय ते चाखायला देत होत्या, आणि साडू मागून ओरडत होते, "मधे थांबू नये!"

एकदा तर नवरदेव आला. बॅरिकेडपाशी घोडी अडली, वऱ्हाड खोळंबलं, कार्यालय पलीकडच्या रस्त्याला. नवरदेवाचे मामा घड्याळ दाखवून बँडवाल्यांवर खेकसत होते. साडूंनी नवरदेवाला खाली उतरवलं आणि सगळं वऱ्हाड घरात घेतलं. निम्मं वऱ्हाड मागच्या दाराने बाहेर पडलं आणि नवरदेव स्वयंपाकघरात पोचला, तोच ताई आडव्या आल्या. "नवरदेव घरात आला आणि तसाच गेला, असं आमच्यात होत नाही." त्यांनी पाट मांडला, निरांजन लावलं, औक्षण केलं, हातावर साखर ठेवली. मग करवलीलाही ओवाळावं लागलं. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मुहूर्त गाठला, कारण भटजीही त्याच घरातून मागून येत होते. मुलीकडच्यांना वाटलं, ज्या घरातून नवरदेव ओवाळून निघाला ते त्याचं जवळचं घर. त्यांनी लग्नात साडूंना टोपी-उपरणं दिलं आणि ताईंची खणानारळाने ओटी भरली. ती मंडळी साडूंना मुलाचे चुलते समजतात आणि आजही बारशा-मुंजीची आमंत्रणं करतात. साडू प्रत्येक ठिकाणी जातात आणि पंगतीत लोकांना पुढे सरकवतात.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, "खरं सांगा, हा रस्ता होऊ नये असंच वाटतं ना तुम्हाला?" ते खड्ड्याकडे वळले. मग म्हणाले, "गाडीत माणसं बसलेली असताना कंडक्टर मधेच उतरून जातो का हो?" मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये ते दोनदा राहून आले होते. तिथे शेजारच्या दाराला काळी काच, लिफ्टमधली माणसं वरच्या आकड्यांकडे बघत उभी. "चांगली माणसं आहेत," साडू म्हणाले, "पण कुणाला कुठे जायचंय ते सांगत नाहीत."

ताई तेव्हा जिन्यावरून बसत बसत, एकेका पायरीवर टेकत खाली उतरत होत्या. माझ्या ते लक्षात आलं. साडूंच्याही आलं असणार, पण त्यांनी मान फिरवली आणि दारातल्या माणसाला पुढे चला म्हटलं. या माणसावर माझा एवढा लोभ आहे, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता.

मग एका सकाळी गिरणीवाले काका गेले. तीन घरं सोडून त्यांचं घर, साडूंच्याच ओळीत. शववाहिनी पलीकडच्या रस्त्याला येऊन उभी राहिली, पण तिच्यापर्यंत न्यायचं कसं? कडेच्या पट्टीवरून चार खांदे चालणं शक्य नव्हतं, आणि आदल्या दिवशी पाइप फुटून सगळीकडे चिखल. बॅरिकेडपर्यंत जायचं म्हणजे पाय घसरून भलतंच व्हायचं. उपाय सगळ्यांना दिसत होता, पण कुणी तोंडातून काढेना. जिवंत माणसांच्या, नांदत्या घरातून दुसऱ्याची तिरडी काढा, असं कोण कुणाला सांगणार? काकांचा मुलगा ओलेत्याने, हातात मडकं घेऊन नुसता उभा होता. मी सोबत म्हणून गेलो होतो, मीही खाली बघत होतो.

साडू घरात गेले. आत ताईंशी काय बोलले कुणास ठाऊक, पण ताईंनी गॅस बंद केला, कणकेची परात उचलून वर ठेवली आणि देव्हाऱ्याचा पडदा ओढला. साडूंनी दोन्ही दारांच्या वरच्या-खालच्या कड्या काढून दारं भिंतीपर्यंत लोटली, खुर्च्या वर रचल्या आणि बाहेर येऊन काकांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाळा. रोज इथूनच जायचे ते."

चौघांनी तिरडी पट्टीवरून हातांवर अलगद आणली आणि उंबऱ्यातून आत घेतली. साडू त्या दिवशी "पुढे चला" म्हणाले नाहीत. ते भिंतीला पाठ लावून हात जोडून उभे होते. स्वयंपाकघरात तिरडी क्षणभर थांबली, कारण तिथून मागच्या खोलीत जायचं दार अरुंद, तिरडी तिरकी करून काढावी लागणार होती. काका तिथे ओट्यापाशी थांबले, आणि त्यांना पुढे काढायचं कुणाच्याच जिवावर येईना. ताई पदर तोंडाला लावून रडल्या. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. माणसाने आपल्या घराचे दरवाजे किती उघडावेत याला माझ्या मते काही मर्यादा होती. साडूंनी त्या दिवशी ती मोडली, आणि मला त्यांच्यापुढे वाकावंसं वाटलं.

स्मशानातून परतलो तेव्हा ताईंनी घर धुऊन काढलं होतं आणि त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. साडू आंघोळ करून आले. मग ताई अगदी नेहमीच्या आवाजात, चहा ठेवू का विचारावं तशा म्हणाल्या, "अहो, मला या घरातून माझ्या पायांनी बाहेर पडायचंय. अजून पडता येतंय तोवर."

साडूंनी उठून पाटी काढली, उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली आणि मुलाला फोन लावला. "येत्या रविवारी टेम्पो बघ." मुलगा पलीकडून विचारत असावा, कारण साडू म्हणाले, "नाही झाला रे रस्ता. त्याचं तो होईल."

रविवारी टेम्पो पलीकडच्या रस्त्यालाच थांबला. सामान हलवायला हमाल सांगायची गरज पडली नाही. घरातून गेलेली सगळी आळी आली होती. कपाट कारागिरांनी उचललं, भांड्यांची पोती खड्ड्यावरच्या माणसांनी. साडूंना कुणी हात लावू दिला नाही. हातात काही काम नसलेले साडू मी पहिल्यांदाच पाहत होतो. कुठे उभं राहावं ते त्यांना समजत नव्हतं. मग ताई निघाल्या. एक हात साडूंच्या खांद्यावर, दुसरा भिंतीवर, तीनही खोल्या ओलांडून मागच्या उंबऱ्यापर्यंत चालत आल्या. तिथे थांबल्या, वळून ओट्याकडे पाहिलं. लोक वाट देऊन उभे होते, आणि साडू ताईंना हवा तितका वेळ थांबू देत होते.

त्यानंतर बरेच महिने गेले. परवा मला काही कामाने गावात जावं लागलं आणि बघतो तर रस्ता झालेला! गुळगुळीत काँक्रीट, कडेला पांढरे पट्टे, गाड्या सरळ निघालेल्या. साडूंच्या बंद दारासमोर मी स्कूटर उभी केली आणि तिथूनच त्यांना फोन लावला. म्हटलं, "रस्ता झाला हो!"

"झाला?" ते म्हणाले. "लोक थांबतात का हो तिथे?"

"नाही. कशाला थांबतील? सरळ जातात."

"बरं झालं," साडू म्हणाले. मला वाटलं, आता ते खोदून खोदून विचारतील, पट्टे कसे, उतार कुठे, पाणी कुठे जातं. मीही सांगायच्या तयारीत होतो, खरं तर त्यासाठीच उभा होतो. पण पलीकडून ताईंची हाक ऐकू आली आणि साडू घाईने म्हणाले, "ठेवतो हं साडूभाऊ. ती खाली बागेत फिरायला निघालीय, लिफ्ट आलीय आमची."