डाव्या गालातली खडीसाखर

आमच्या घरात कुणी पान खात नसे. सोवळ्याओवळ्यासाठी नव्हे, धंद्यासाठी. कानडी मुलखात, चामराजपेटेत तीन पिढ्या आमचं शिंपीकाम. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पानाचा एक शिंतोडा उडाला की संपलंच! पण हाताने काजं करणाऱ्याला दोऱ्याचं टोक सारखं ओठांत धरून ओलं करावं लागतं, तोंड कोरडं पडून चालत नाही. म्हणून आजोबांपासूनची रीत अशी की कामाला बसताना डाव्या गालात खडीसाखरेचा खडा ठेवायचा आणि तो विरघळला की दुसरा. उजवा गाल मोकळा ठेवायचा, कारण त्या बाजूच्या दातांत टाचण्या धरायच्या असत.

सन साठच्या आसपासची गोष्ट. आई नुकतीच गेली होती. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खडीसाखरेची डबी रोज सकाळी मी भरायची. मी सोळा वर्षांची, घराच्या किल्ल्या कमरेला, आणि अख्खं गाव आपल्याला फसवायला टपलंय याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. दूधवाला पाणी घालतो, कोळसेवाला कोळसा भिजवून वजन वाढवतो, हे मला न बघताच ठाऊक असायचं. अण्णा हसून म्हणायचे, "अगं, स्वल्प तरी विश्वास ठेव कुणावर." मी म्हणायची, "तुम्ही ठेवता तेवढा पुरे आहे."

अशात अण्णांची वरची डावी दाढ ठणकायला लागली. गार पाण्याचा घोट घेतला की डोळे गच्च मिटून बसायचे. शेजारच्या अक्का, कन्नड बाई, मायाळू पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय चैन न पडणाऱ्या, मला म्हणाल्या की मार्केटजवळच्या सरकारी इस्पितळात दातांचा नवा विभाग निघालाय, फुकट बघतात.

फुकट? का म्हणून? मी लगेच ताडलं. शिकाऊ पोरांना हात बसवायला कुणाची तरी तोंडं हवीत, ती आमची! त्यात वरची दाढ. वरची दाढ उपटली की त्या बाजूचा डोळा जातो, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. अण्णांचा डोळा गेला तर काजं कोण करणार? आणि आम्ही खायचं काय, माती? पण अक्का आणि अण्णा दोघंही निघाले, तेव्हा राखण करायला मी गेलेच.

डॉक्टर अगदीच तरुण, मिशीही धड न फुटलेला. "बायी तेगीरी," म्हणाला, तोंड उघडा. इवल्याशा आरशाने आत पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर डाव्या गालात काय ठेवता?"

मी अक्कांकडे असं पाहिलं की त्या दचकल्याच. याला कुणी सांगितलं? नक्की ह्यांनीच आधी येऊन आमच्या घरची बित्तंबातमी पुरवलेली!

"मला कुणी सांगायला नको," डॉक्टर म्हणाला, "दात सांगतात. उजवीकडचे ठणठणीत आहेत, डावीकडच्यांना मुळाशी खडूसारखे पांढरे डाग पडलेत." मग त्याने समजावून सांगितलं. दाताची कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. तोंडातले जंतू साखर खातात, त्यातून आम्ल तयार होतं आणि त्याने दाताचं कवच झिजतं. एकदा गोड खाऊन चूळ भरली तर लाळेने दात पुन्हा सावरतो. पण दिवसभर गालात साखर म्हणजे त्या बिचाऱ्याला उसंतच नाही. खडीसाखर बंद करा, पाण्याचे घोट घेत काम करा, रात्री दात घासून मगच झोपा. "दाढेला भोक पडलंय, पण लहान आहे. काढायची गरज नाही, कोरून चांदी भरू."

"आज चांदी म्हणाल आणि खुर्चीत बसवलं की उपटाल," मी म्हणाले.

"मुलगी वकील होणार तुमची," तो अण्णांना म्हणाला. मला ते मुळीच आवडलं नाही. तेवढ्यात कोपऱ्यात एक जण लहानशा खलात काहीतरी घोटताना दिसला. त्यात चकचकीत थेंब पळत होता. पारा! शाळेत थर्मामीटर फुटला तेव्हा बाईंनी आम्हाला वर्गाबाहेर पिटाळलं होतं, विष असतं म्हणून. आणि हे माझ्या बापाच्या तोंडात घालणार? चांदीत मुरला की त्याने अपाय होत नाही, असं डॉक्टर सांगत होता. पण मी अण्णांचा हात धरला आणि तडक बाहेर. ते "अगं, थांब तरी" म्हणत मागे ओढले जात होते.

घरी लवंगेचं तेल सुरू केलं. खडीसाखरही दिली, कारण ती आमची रीत, आणि कालच्या पोराच्या सांगण्यावरून रीत मोडायची नव्हती. दोन महिने दाढ ठणकली आणि एक दिवस दुखायची पार थांबली. मी अक्कांना दारातूनच ऐकवलं, "बघितलंत? पारा न घालता बरी झाली." त्या "सरी बाई, सरी," बरं बाई, बरं, म्हणून आत गेल्या.

दसऱ्याच्या कपड्यांची घाई चालू असताना एका सकाळी अण्णा उठले ते डावा गाल सुजूनच. दुपारी अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी सूज इतकी वर चढली की डावा डोळा मिटला, काही केल्या उघडेना. सुई हातात धरून ते बसून राहिले. दाढ तर कुणी काढलीच नव्हती, मग डोळा कसा गेला?

अक्काच रिक्षा घेऊन आल्या. तोच डॉक्टर. दाढ बरी झाली नव्हती, म्हणाला. कीड आतल्या शिरेपर्यंत पोचून शीर मेली, म्हणून दुखणं थांबलं. आता मुळाशी पू झालाय. चार दिवस पेनिसिलिन टोचलं, सूज उतरली, डोळा किलकिला झाला, मग पूर्ण उघडला. पाचव्या दिवशी भूल देऊन त्याने दाढ काढली. मी धावत जाऊन अण्णांचा उजवा डोळा झाकला आणि बोटं नाचवली. "किती?"

"दोन," अण्णा बोबड्या आवाजात म्हणाले, "आणि नखं कापायला झालीत."

मी तिथंच रडले, अगदी हमसून. मग डॉक्टरने पहिल्या वेळी इस्पितळाने दिलेला तपासणीचा कागद मागितला. तो मी जपून ठेवला होता, न जाणो पुढेमागे हे लोक काही नाकबूल करतील! त्याने वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"तेव्हाच चांदी भरली असती तर दाढ वाचली असती. सोडून का गेलात?"

अण्णांनी तोंडातला कापसाचा बोळा काढला.

"मीच भ्यालो, डॉक्टर. ही बिचारी भरून घ्या, भरून घ्या म्हणत होती."

डॉक्टरने चक्रावून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. मी अण्णांना हात धरून ओढून नेलं होतं, ते त्याला आता आठवलं असणारच. पण तो एवढंच म्हणाला, "मग यापुढे मुलीचं ऐकत जा."

"ऐकतो," अण्णा म्हणाले, आणि बोळा पुन्हा दाताखाली धरला.