सरस्वतीबाईंचा रंग

सुमा मोहितेला राग लवकर येतो, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बेअरिंगच्या रिंगा तपासायला आम्ही दोघी शेजारी बसतो, त्याला एकोणीस वर्षं झाली. केसाच्या जाडीचाही फरक दिसला की सुमा रिंग बाद मालाच्या लाल पेटीत टाकते. सुपरवायझर येऊन 'स्वल्प अॅडजस्ट माडी मॅडम', जरा चालवून घ्या, म्हणतो, तेव्हा ती मापाचं यंत्र त्याच्या हातात देते. तुम्हीच मोजा आणि तुम्हीच सही करा, म्हणते. तो निघून जातो.

तीच सुमा जेवणाच्या सुट्टीत बाद झालेल्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढते. कुणी शिकवलेलं नाही. कँटीनच्या रांगेतल्या बायका, कंपनीच्या बसमध्ये डुलकी घेणारा ड्रायव्हर, जे दिसेल ते. माझा चेहरा तिने तीनदा काढलाय. तिन्ही वेळा माझं नाक आहे तसंच काढलं, त्याबद्दल मी कधी तिचे आभार मानले नाहीत.

तिच्या सासूला, सरस्वतीबाईंना, यंदा ऐंशी वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाच्या पाहुण्यांना नेहमीसारखा स्टीलचा डबा द्यायचा नाही, असं सुमानं ठरवलं. ती सासूबाईंचं चित्र काढणार होती आणि ते कापडी पिशव्यांवर छापून घेणार होती. तिची मुलगी नव्या आयटीत आहे. आपलं चित्र पाठवलं की पिशवी, कप, उशीचा अभ्रा, काय हवं त्यावर छापून घरी आणून देणारी एक ऑनलाइन कंपनी नव्यानंच शोधून दिली.

चित्राला तीन रविवार लागले. सरस्वतीबाई जमिनीवर बसून सुपात नाचणी निवडतायत. माहेरच्या त्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या, रंगानं काळ्या. गव्हाळ नाही, सावळ्या नाही, चांगल्या काळ्या. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. तो काळा मिळवायला सुमानं तपकिरी आणि निळ्याचे पातळ थर एकावर एक दिले, प्रत्येक थर वाळू देऊन. काळा रंग सरळ ट्यूबमधून लावला तर चित्रातला माणूस मरतो, असं ती मला म्हणाली होती. मग झेरॉक्सच्या दुकानात चांगला स्कॅन करून घेतला. छापताना कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून चारी बाजूंनी जागा सोडली आणि चाळीस पिशव्यांची ऑर्डर दिली.

खोकं आलं त्या दिवशी मी तिच्या घरीच होते. सुमानं पहिली पिशवी उलगडली. पिशवीवर एक गोरटेली म्हातारी नाचणी निवडत होती. गाल गुळगुळीत, नाक धारदार, गोंदण नाहीसं. सूप मात्र हुबेहूब होतं. तिनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग सगळं खोकं जमिनीवर पालथं केलं.

तिची जाऊ मधुमिता म्हणाली की छान आलंय की, सीरियलमधल्या आजीसारखं. सरस्वतीबाईंनी चष्मा लावून पिशवी जवळ घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"यारे इवळु?" त्यांनी विचारलं. "ही कोण गं? आपल्यातली दिसत नाही."

सुमा उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, पण काही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कंपनीला फोन लावला. मी शेजारीच होते. आधी यंत्र बोललं, मग पुन्हा यंत्र, शेवटी अन्विता नावाची मुलगी आली. ती नम्रपणे सांगत होती की आम्ही ग्राहकाला विचारल्याशिवाय चित्राला हात लावत नाही. दोन नमुने पाठवतो, एक मूळ आणि एक सुधारित, आणि ग्राहक निवडेल तोच छापतो. तुमच्या खात्यातून सुधारित निवडला गेलाय, मंगळवारी सकाळी दहा चाळीसला.

मंगळवारी दहा चाळीसला सुमाचा फोन आमच्या शेडबाहेरच्या लॉकरमध्ये होता. घरच्या टॅबवर तेच खातं उघडं होतं. आणि नंजनगूडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा तिचा नवरा सुधींद्र त्या वेळी घरी होता. निघताना सुमाच त्याला सांगून आली होती की नमुना येईल, ठीक वाटला तर होय करा. हे आठवलं तेव्हा तिचा चेहरा आणखीच कठीण झाला.

पण तिनं फोन ठेवला नाही.

"सुधारित म्हणजे काय सुधारलं?" तिनं विचारलं. "मला एकेक करून सांगा."

अन्विता म्हणाली की उजेड, स्पष्टता, त्वचेचे डाग. सुमा म्हणाली की ते डाग नाहीत, ते गोंदण आहे, आणि काळेपणा म्हणजे कमी उजेड नव्हे. मग अन्विता कन्नडमध्ये, हळू आवाजात म्हणाली की नवी ऑर्डर द्या, मूळ नमुना निवडा, छापणाऱ्यांना मी स्वतः चिठ्ठी जोडते. जुन्या पिशव्या मात्र परत घेता येणार नाहीत.

पुढचं मला सुमानंच सांगितलं. रविवारी सुधींद्र जेवून उठायच्या आत तिनं ती पिशवी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, "आईला बरं वाटेल असं वाटलं. जन्मभर लोकांनी तिला 'कप्पी', काळी, म्हणूनच हाक मारली. निदान एका चित्रात तरी..."

"म्हणून तुम्हीही तीच हाक मारलीत," सुमा म्हणाली. "लोकांनी तोंडानं मारली, तुम्ही बटण दाबून."

सरस्वतीबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी सुधींद्रला बोलावून समोर बसवलं आणि तिरीमिरीत सांगितलं की लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजीनं महिनाभर माझ्या तोंडाला साय फासली होती. एके सकाळी मी वाटी उचलून न्हाणीत ओतली आणि रोज रंग बघायला दिलेला आरसाही परत केला. मला वाटलं होतं तो विषय तिथंच संपला. तुला मी दूध पाजलं ते काय पांढरा रंग शिकायला? सुधींद्रनं त्यांच्या पायाला हात लावला, तर त्यांनी पाय मागे ओढून घेतले.

नव्या पिशव्या वाढदिवसाच्या आदल्या सकाळी आल्या. सुमानं सगळ्या खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली पाहिल्या आणि तीन बाद केल्या. कापडावर काळा थोडा दबला होता, पण तो काळाच होता आणि गोंदणाचे ठिपके मोजता येत होते. सरस्वतीबाई म्हणाल्या की नाचणीत खडे राहिलेत, बाकी ठीक आहे. एवढं म्हणून त्यांनी एक पिशवी मांडीखाली घालून ठेवली.

समारंभात पिशव्या वाटायचं काम सुमानं मुद्दाम सुधींद्रकडे दिलं. तो दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता की आईचं चित्र, सुमानं काढलंय. निम्म्या पिशव्या झाल्या असतील. एच. डी. कोट्याहून आलेल्या त्याच्या एका मामानं पिशवी उलटीपालटी करून म्हटलं की चित्र जरा काळं छापलंय का रे.

सुधींद्र ओशाळून हसला. "छपाईत आलं असेल तसं," तो म्हणाला.

सुमा चार हातांवर होती. ती आली आणि तिनं त्याच्या हातातला गठ्ठा काढून घेतला.

"छपाई बरोबर आहे मामा," ती म्हणाली. "आमच्या अत्ते, सासूबाई, अशाच आहेत. बघा, त्या तिथं बसल्यात."

मामानं वळून पाहिलं. उरलेल्या पिशव्या सुमानं स्वतः वाटल्या. जेवणं उरकेपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि नंतरही आठवडाभर नाही.

पहिल्या चाळीस पिशव्यांचं तिनं काय केलं ते मी विचारलं. नाकाडोळ्यांवरून कात्री फिरवून तिनं त्यांची फडकी केली होती. त्यातली बारा तिनं कारखान्यात आणली. आम्ही त्यांनी मापाची यंत्रं पुसतो. कंपनीला ती दर सोमवारी एक पत्र पाठवते की तो 'सुधारित' शब्द काढा. आतापर्यंत सात पत्रं गेली आहेत. शब्द अजून तिथंच आहे आणि सुमाचा रागही.