जाळ्याच्या चालीवरचं भक्तिगीत

परवा बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि केळव्याजवळच्या आमच्या लहानशा चर्चमधली नाताळची सकाळ आठवली. होड्या किनाऱ्याला होत्या, त्यामुळे सगळे कोळी हजर होते. माझ्या इनासमामाने नवं भक्तिगीत रचलं होतं, पण चाल घेतली होती जाळं ओढायच्या गाण्याची. फादरांनी बजावलं होतं, "आज शोभलं तरच ठेवू."

मामाने पहिली ओळ म्हटली मात्र, मागच्या बाकांवरून "होऽऽ हो!" अशी आरोळी उठली. समुद्रावरची सवय! काहींचे तर हातही दोर ओढायला पुढे आले. मामा पांढराफटक पडला.

"देवाच्या घरात तरी गप बसा रे!" मामी करवादली. मला बाकाखाली लपावंसं वाटलं.

फादरांनी विचारलं, "इनास, हे ओरडणं गाण्यातलंच का?"

"नाय फादर. पन आता काढाया गेलो तरी निघायचा नाय."

फादर खळखळून हसले. "मग राहू दे. ही मंडळी इथे तोंड उघडून गायली ती आजच."

आता ते गीत पालघरलाही गातात, आरोळीसकट. छापील पुस्तकात रचनाकार म्हणून एकट्या मामाचं नाव आहे. माझ्या हिशेबाने निम्मं श्रेय मागच्या बाकांचं.