नॉमिनीचा रकाना

मुलांनो, आज बँकेतल्या मुलीने विचारलं, "आजी, नॉमिनी कोण?" आणि मी तो रकाना कोराच ठेवून घरी आले, म्हणून हे लिहिते आहे. तुमचे आजोबा विमा एजंट होते. लग्न झालेल्या प्रत्येकाला ते दटावत, "अरे, पॉलिसीवर आता आईच्या जागी बायकोचं नाव घाल, नाहीतर घरी जेवण मिळायचं नाही!" ते गेले तेव्हा त्यांच्याच पॉलिसीवर सासूबाईंचं नाव निघालं, आणि त्या तर कधीच गेल्या होत्या. मी त्यांची बायको असल्याचे दाखले वर्षभर गोळा करत हिंडले. पैसे मिळाले, मन दुखलं ते दुखलंच. पण एक सांगते, त्यांनी लोकांकडून जमवलेल्या अशाच हप्त्यांच्या पैशांतून विमा कंपनीने आपल्या नगरपालिकेला कर्ज दिलं आणि पाण्याची टाकी झाली. त्या टाकीवर कुणाचंच नाव नाही, तरी गाव अजून तिचंच पाणी पितं.