वरचं कुंड

पँटचा एक पाय काढून झाला होता, दुसरा अजून अडकलेला होता. तेवढ्यात विलासनं हाक मारली.

"ए लायब्ररी, तू वरच्यात नको. तू खालच्यात जा."

मी एका पायावर उभा होतो. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. आधी तोल सांभाळावा लागतो. मी कातळाला हात टेकला आणि विचारलं, "का?"

"गावचा रिवाज हाय. राग मानू नको."

बाकीचे दहा-बारा जण कपडे काढून उभे होते. एक जण हसला. तो माझ्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीला हसला असावा, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

पुस्तकात अशा वेळी कुणीतरी काहीतरी बाणेदार बोलतो. मी म्हणालो, "बरं." आणि पँटचा काढलेला पाय परत चढवला.

भिवंडीजवळ राहनाळला आमच्या शेठचे सहा गाळे होते. गोडाऊनच्या एका भागाला आमच्याकडे गाळा म्हणतात. शेठच्या बापानं तिथं भात लावलेला. मुलानं शेत विकलं नाही, शेतावर पत्रे टाकले. त्या खाचरांत आता टीव्ही, साबण आणि बिस्किटं पिकायची. मी तिथं ट्रकमधून उतरणारा माल चलानशी ताडून बघायचो. तीन वर्षं, टेम्पररी. एक ट्रक गेला आणि दुसरा अजून यायचा असला की पुस्तक काढून बसायचो, म्हणून माझं नाव लायब्ररी. विलास आमचा सुपरवायझर आणि शेठचा मेहुणा. यातलं पहिलं कशामुळे ते दुसऱ्यावरून कळतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी शेठनं सगळ्या स्टाफला डोंगरात न्यायचं ठरवलं. चढायचं, कुंडांत पोहायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. दोन सुमो काढल्या. पुढच्या सुमोवर शेठच्या फोटोचा बॅनर. डोंगरात तो कोण वाचणार होतं, माहीत नाही. पडघ्याला वडापाव खाल्ला, पुढे हायवे सोडून आत वळलो. गावाचं नाव मी तक्रारीत लिहिलं आहे. इथं लिहीत नाही.

पायथ्याशी शेठनं भाषण केलं. "आपण सगळे एक फॅमिली हाय. आज इथं कोण शेठ नाय, कोण नोकर नाय." विलास त्याची पाण्याची बाटली धरून उभा होता.

मग शेठनं माझ्याकडे बोट केलं. "आणि या लायब्ररीचं पत्र उद्या. उद्यापासून पर्मनंट. वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं.

त्या पत्राचं कारण सांगतो. माझ्या बायकोला सातवा महिना होता. पहिल्या खेपेला तिचं बाळंतपण दवाखान्याच्या व्हरांड्यात झालं होतं. आत खाट नव्हती. मूल अर्धा तास जगलं. या खेपेला डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, सगळ्या सोयी असतील तिथंच जा. पर्मनंट झालो की विम्याच्या दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं. पत्र असेल तर कार्ड, कार्ड असेल तर खाट. मला बाकी काही नको होतं.

गावातून एक म्हातारा आमच्याबरोबर निघाला. वरच्या कुंडावर देवीची शिळा आहे, तिचं सगळं तो बघतो. सगळे त्याला बाबा म्हणत. डोंगर चढण्याआधी पाहुण्यांनी बाबाला आडनाव सांगायचं, अशी तिथली रीत. एकेक जण सांगत गेला. बाबा कुणाला "आमच्या सोयऱ्यांत हाय," म्हणाला, कुणाला "लांबून आलाव," म्हणाला. माझं ऐकून तो थोडा थांबला.

"बरं," म्हणाला.

वर तीन कुंडं आहेत. एकातलं पाणी दुसऱ्यात पडतं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. वरचं देवीचं आणि मान असलेल्यांचं. मधलं गावाचं. खालचं म्हशींचं, आणि आमचं. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहिण्याची गरज पडत नाही, पाणी आपोआप खाली येतं.

खालच्या कुंडाशी एक सुमो चालवणारे इस्माईलभाई पाय सोडून बसले होते. भिवंडीत वीस वर्षं लूम चालवले, मग गाडी. मला बघून सरकले.

"तेरे को भी नीचे भेजा?"

"हां."

"मेरे को तो पूछा भी नहीं. नाम सुनके बुढ्ढा आगे बढ़ गया."

आम्ही दोघं हसलो. मग मी त्या पाण्यात उतरलो. मधल्या कुंडातून साबणाचा फेस येत होता. पलीकडच्या काठाला म्हैस बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत रवंथ सुरू केलं. तिची माझ्याबद्दल काही तक्रार दिसली नाही.

मी उतरलो, हे मला लिहायचं आहे. ज्या माणसाचा फोटो आमच्या घरातल्या भिंतीवर आहे, त्यानं तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायलं, त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती. शाळेत त्या विषयावर मी भाषण केलेलं, पहिलं बक्षीस मिळालेलं. ते भाषण मला त्या दिवशीही पाठ होतं. तरी मी मुकाट्यानं उतरलो, कारण उद्या पत्र होतं.

अर्ध्या तासानं विलास धावत खाली आला. दगडावरून घसरला, उठला.

"चल, वर चल. शेठची चेन पडली."

झालं असं होतं. पोहायच्या आधी देवीला नारळ सोडतात. शेठनं तो शेंडीसकट कपाळाला लावला, आणि गळ्यातली बोटभर जाड चेन शेंडीत गुंतली. शेठनं डोळे मिटून नारळ जोरात फेकला. चेनचा हूक तुटला. नारळ तरंगत परत आला. चेन देवीनं ठेवून घेतली.

"मी कशाला?" मी विचारलं.

"तुझा बाप बुडी मारायचा ना? अख्ख्या तालुक्याला माहीत हाय."

"मी वरच्यात चालतो का?"

विलासनं इकडंतिकडं पाहिलं. "आता चालतंय."

माझा बाप बुडी मारायचा, हे खरं आहे. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी त्याला शेंदता येत नव्हतं. पण विहिरीत कुणी जीव दिला, कुणाचं पोर पडलं, की त्यालाच बोलावणं यायचं. तो उतरायचा, प्रेत बांधून वर द्यायचा. मग विहीर उपसायची. प्रेत पडलं म्हणून एकदा, बाप उतरला म्हणून एकदा. बापाला मिळायची भाकरी आणि कुणाचा तरी जुना सदरा. मला त्यानं दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत बुडी शिकवली. म्हणायचा, "तळाला डोळे कामाला येत न्हाय. हातानं बघायचं." मी विचारलं होतं, हे शिकून करू काय? तो म्हणाला, "कवा तरी कामाला येल." कशाच्या कामाला, ते मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

वर गेलो. सगळे कडेला उभे होते. शेठचा गळा उघडा पडलेला, पांढरा पट्टा दिसत होता. "ये रे बाळा," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पाणी थंड होतं आणि स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ पाणी मी आयुष्यात अंगाला लावलं नव्हतं. पहिल्या बुडीत तळ लागला नाही. दुसऱ्या बुडीत कान दुखायला लागला, हाताला शेवाळ आणि फुटके नारळ लागले. बरेच नारळ होते. तिसऱ्या बुडीत डाव्या अंगाला कपार लागली, आणि कपारीत चेन. ओढली. सुटेना, दगडात घट्ट बसली होती. श्वास संपला. आणखी एक बुडी लागणार होती. मी वर आलो.

डोकं बाहेर काढलं, कानातलं पाणी झटकलं आणि बाबाचा आवाज ऐकू आला.

"ह्यो भाईर आला का लगेच दूध वता. न्हाय तं देवी कोपंल."

"दूध हाय ना," शेठ म्हणाला. "चहाचं आणलेलं. विलास, पिशवी घे."

विलास दुधाची पिशवी घेऊन पाण्याच्या कडेला आला. तिचा कोपरा त्यानं दातांत धरला आणि तसाच थांबला. मी बाहेर यायची वाट बघत होता.

त्याच्याकडे बघताना मला माझा बाप दिसला नाही, इतिहास दिसला नाही. फक्त तो कोपरा आणि ते दात दिसले. त्यांना चेन हवी होती, त्यासाठी मी हवा होतो, आणि मी बाहेर पडल्याबरोबर मला धुऊन काढायला दूधही तयार होतं. चहासाठी आणलेलं. माझ्यासाठी त्यांनी वेगळं दूधसुद्धा आणलं नव्हतं.

"सापडली का रे?" शेठनं विचारलं.

"सापडली. डाव्या बाजूच्या कपारीत. दोन पुरुष खोल. अडकली आहे."

"मग काढ की."

"नाही."

"काय नाही?"

"काढणार नाही. चेन तुमची, देवी तुमची, पाणीपण तुमचंच म्हणता. उतरा आणि काढा."

विलासच्या दातांतून पिशवी सुटली आणि कातळावर पडली. शेठनं आवाज खाली आणला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"उद्या पत्र हाय ना तुझं? बायकोचं कसं हाय?"

ती व्हरांड्यातली फरशी आठवली. मी तेव्हा सूर मारून चेन काढली असती, तर मला कुणी दोष दिला नसता. मीही दिला नसता. मी पाण्यात हात मारत जागेवर तरंगत राहिलो.

मग मी पाठीवर वळलो आणि पोहायला लागलो.

"बाहेर ये," शेठ म्हणाला.

"येतो. माझं पोहून होऊ दे."

मी सावकाश पोहलो. या काठावरून त्या काठाला. मजा आली असं सांगणार नाही. दात वाजत होते आणि मी घाबरलो होतो. पण त्या पाण्यात मी त्यांच्या कामासाठी उतरलो होतो, आणि कामासाठी उतरून तसाच बाहेर येणार नव्हतो. थंडी सहन होईना, तेव्हा बाहेर आलो.

बाहेर आल्यावर विलासनं मला दोन्ही दंडांना धरलं. "चड्डी झटकून दाखव."

इस्माईलभाई पाठोपाठ वर आले होते. म्हणाले, "अरे, उसने बोला ना कहाँ है."

"तू गाडी सांभाळ," शेठ म्हणाला.

झडती घेतल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. सगळ्यांसमोर. मी शर्ट घालत होतो तेव्हा पाठीमागे दूध पाण्यात पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. खाली सुमोत मला बसू दिलं नाही. मी हायवेपर्यंत चालत आलो आणि एका ट्रकला हात केला.

दुसऱ्या दिवशी शेठनं बोलावलं. चेन मिळाली होती. बांबूला आकडा बांधून संध्याकाळीच काढली, मी सांगितलेल्या कपारीतून. हे त्यानंच सांगितलं, बेस्ट मूडमध्ये. पत्र टेबलावर होतं, सही केलेलं. त्यावर माझं पूर्ण नाव, टाईप केलेलं. तीन वर्षांत त्या ऑफिसात माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदा पाहिलं.

"घे," शेठ म्हणाला. "फक्त एक काम. गाववाले नाराज हायत. रविवारी जाऊ, बाबासमोर नारळ ठेव आणि बोल, चुकलो, न विचारता उतरलो."

"मला तुम्ही उतरवलं."

"ते आपल्याला माहीत हाय ना. बोलायला काय जातंय?"

मी त्या पत्राकडे बघत राहिलो. मला ते हवं होतं. आजही हवं आहे.

"जे झालं नाही ते मी बोलणार नाही," मी म्हणालो आणि उठलो. कठडा धरून पायऱ्या उतरलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बरोबर केलंत. पण आता खाटेचं काय?"

खाटेची सोय अजून झालेली नाही. आठवा लागला आहे.

तक्रार द्यायला मी चार वेळा पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार वाईट माणूस नाही, मला चहा देतो. म्हणतो, "साहेब, 'पोहण्यावरून वाद झाला' असं लिहू या. लवकर मिटंल." काल म्हणाला, "तुमची मिसेस अशी, कशाला धावपळ करता?" त्यावरून विलासही तिथं येऊन गेला, असं दिसलं. शेजारचे म्हणतात, सोड. चुलतभाऊ म्हणतो, पाण्यात तर उतरलास ना, मग जिंकलास.

मी जिंकलेलो नाही. माझी नोकरी गेली आहे आणि बायकोच्या बाळंतपणाची सोय नाही. काय होईल ते मला दिसत नाही, आणि होईल ते चांगलंच होईल असं मी कुणाला सांगणार नाही.

पण पोहण्यावरून वाद झाला नाही. आधी मला त्या पाण्यात उतरू दिलं नाही, कारण मी कोण आहे ते त्यांना माहीत होतं. मग मला त्याच पाण्यात उतरवलं, कारण मी कोण आहे ते त्यांना माहीत होतं. मग माझ्यामागे पाणी दुधानं धुतलं. ही तीन वाक्यं याच क्रमानं कागदावर यायला हवीत, खाली त्यांची नावं यायला हवीत आणि वर शिक्का. हवालदारानं एक शब्द बदलला, तर मी सही करणार नाही. उद्या सकाळी नऊला मी पाचव्यांदा जाऊन तिथल्या बाकावर बसणार आहे, आणि ही तीन वाक्यं लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.